मूठ पुढं करायची वेळ

त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर माझं पोस्टिंग वेल्ह्याला झालं. तोरण्याच्या पायथ्याला, भाताची कापणी उरकलेल्या खाचरांत, आमच्या कंपनीचा ट्रेनिंग कॅम्प पडला होता. पुढं ब्रह्मदेशात जायचं होतं. तिथले डोंगर आणि रान म्हणे आमच्या मावळासारखंच. म्हणून सरकारनं मावळातल्या पोरांना मावळातच आणून डोंगर चढायला शिकवायचं ठरवलं. हसू नका, फौजेत असंच चालतं. माझं गाव पासली, तिथून चालत तीन तासांवर. बारा वर्षं नोकरी झाली होती आणि मी हवालदार होतो.

साडेपाचला रेव्हलीचा बिगुल. सहाला पीटी. सात ते आठ खेचरांचा खरारा, दाणा, पाणी. साडेआठला परेड. तुम्हां मुलकी लोकांना फौज म्हटलं की बंदूक दिसते. आम्हांला आधी खेचर दिसायचं. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ, तिचे बॉम्ब, पाणी, पीठ, सगळं खेचराच्या पाठीवर. खेचर अडलं की अख्खी कंपनी अडली. आमच्याकडे चोवीस होती आणि त्यांचा नाईक होता सुभाना.

सुभाना विंझरचा. माझा सख्खा मामेभाऊ. वय तेवीस. परेडवर मला ‘हवालदार साहेब’ म्हणायचा, परेड सुटली की ‘दादा’. बोलणं कमी. माणसांत बुजायचा, पण जनावराच्या कानाशी काय पुटपुटायचा कुणास ठाऊक, जनावर ऐकायचं. कमरेला घरून आणलेला कोयता, बाभळीच्या मुठीचा. मूठ हातानं घासून घासून तुकतुकीत झालेली.

चोवीसांत एकच त्याला बधलं नव्हतं. सतरा नंबर. नवं कोरं, कधी ओझं न पाहिलेलं. चावायचं, लाथा झाडायचं. कुणी शिंकलं तरी दावं तोडायचं. दोन जवान त्यानं दवाखान्यात पाठवले. सुभाना पंधरा दिवस त्याच्यामागं होता. शेवटी पाठीवर ओझं घेऊ लागलं, पण शांतपणे नाही. माझं मत होतं की त्याला परत पाठवावं. सुभाना म्हणायचा, “दादा, त्याला अजून आपला मालक घावला न्हाई. घावला की गप व्हईल.”

आता शमुवेलचं सांगतो. शमुवेल आमचा नर्सिंग ऑर्डर्ली, डॉक्टरच्या हाताखालचा. भोरचा. त्याचा बाप भोरला कंपाउंडर होता आणि घर ख्रिस्ती. शमुवेल कुणाला उपदेश करायला जायचा नाही. रविवारी दुपारी कपडे वाळत घालायचा आणि दोरीखाली बसून त्याचं शास्त्र मोठ्यानं वाचायचा. ऐकायचं त्यानं ऐकावं.

एका रविवारी सुभाना जवळच खेचराचे पट्टे शिवत बसला होता. मी खाटेवर पडलो होतो. शमुवेल वाचत होता ते असं की येशू हा राजा म्हणून शहरात शिरतो, आणि शिरतो कशावर बसून, तर गाढवाच्या शिंगरावर. लोक ओरडतायत, झाडांच्या डहाळ्या तोडून वाटेवर टाकतायत, अंगावरची वस्त्रं अंथरतायत.

सुभानाची सुई थांबली. “शिंगरू कसलं व्हतं म्हनाला?”

“ज्याच्यावर आधी कुणी बसलं नव्हतं असं.”

“कुनीच?”

“कुणीच.”

“पुन्यांदा वाच.”

शमुवेलनं पुन्हा वाचलं. सुभानानं पट्टा खाली ठेवला.

“आन् ते उधळलं न्हाई?”

“उधळल्याचं लिहिलेलं नाही.”

सुभाना माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावरचं ते नवल मी आजही विसरलो नाही. लहानपणी आम्ही पहिल्यांदा तोरण्याच्या माचीवरून खाली बघितलं होतं, तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं. “दादा, तुमी खेचरं हाताळलीत. कवा कुनी न बसलेलं जनावर. भोवती ही गर्दी, आरडाओरडा. पायाखाली कापडं, डहाळ्या. आपलं सतरा नंबर आसतं तर?”

“चार माणसं मेली असती,” मी म्हणालो.

“आन् ते मुकाट चाललं. हे कुनी रचलं आसतं तर राजाला चांगला शिकवलेला घोडा दिला आसता का न्हाई? रचणाऱ्याला हे सुचायचंच न्हाई. त्या जनावरानं वळखलं, दादा. पाठीवर कोन बसलाय ते त्याला कळलं.”

मी खाटेवर उठून बसलो. बारा वर्षं खेचरांच्या लाथा खाल्लेल्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं. अंगावर काटा आला हे कबूल करतो.

“पुढं काय झालं?” सुभानानं विचारलं.

“पुढं त्यानं शहर पाहिलं आणि तो रडला,” शमुवेल म्हणाला. “राजा आपल्या दारात आला होता, तो दिवस त्या शहराला ओळखता आला नाही म्हणून.”

“मग?”

“मग काय. दिवस निघून गेला.”

त्या दिवसापासून सुभानाच्या डोक्यातून ते जाईना. खरारा करताना विचारायचा, पाणी पाजताना विचारायचा. शेवटी एके सकाळी शमुवेलला म्हणाला, “त्या राजाला मुजरा करायचा तर कसा करत्यात?” शमुवेल म्हणाला, “राजा, मी तुझा, एवढं मनापासून म्हण. बाकीचं सावकाश शिकशील.” सुभाना लगेच म्हणणारच होता. तेवढ्यात मी मध्ये पडलो.

का पडलो ते सांगतो. वैशाखात सुभानाचं लग्न ठरलं होतं, किकवीच्या मुलीशी. हे किकवीत कळलं तर सोयरीक मोडणार. मामा अंथरूण धरणार. आणि थोरला भाऊ म्हणून जाब मला विचारणार. मी त्याला बाजूला घेतलं.

“लगीन होऊ दे. आक्षता पडू देत. मग काय करायचं ते कर.”

“दादा, मला आत्ताच...”

“काय घाई आहे? तुझा राजा काय पळून चाललाय?”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. थोरल्याचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. म्हणाला, “बरं.” मला वाटलं, सुटलो.

जानेवारीत जनरल साहेबांच्या इन्स्पेक्शनचा हुकूम आला. सकाळी दहा वाजता. आमच्या मेजर साहेबांनी आसपासच्या पेन्शनरांनाही बोलावणं धाडलं. तसे दोनतीन होते, पण खरा मान विंझरच्या सुभेदार आजोबांचा. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला होते. पंचाहत्तरी गाठलेली, पाठ अजून सरळ.

इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठा साहेब किंवा खुद्द बादशहा समोर आला की आमच्यातला सरदार म्यानातली तलवार आडवी धरून मूठ पुढं करायचा. साहेब त्या मुठीला नुसता हात लावायचा. बोलणं काही नाही. मूठ पुढं करणं म्हणजे, माझी तलवार तुमची. हात लागला म्हणजे, स्वीकारली. सुभेदार आजोबांच्या मुठीला उभ्या नोकरीत कुणाचा हात लागला नव्हता. बसऱ्याला लाट साहेब आले तेव्हा आजोबा तापानं दवाखान्यात होते. पेन्शनीवर आल्यापासून तलवार लाल फडक्यात गुंडाळून आढ्याला होती. एवढ्याचसाठी ती जपली होती हे सगळ्या विंझरला ठाऊक होतं.

आजोबा सात वाजताच बैलगाडीतून हजर. मेडल छातीवर, तलवार मांडीवर. चहापाणी, गप्पा झाल्या, दहाला अजून बराच अवकाश, म्हणून आठ वाजता खेचरांच्या लाइनीमागं आमच्या न्हाव्यापुढं दाढीला बसले.

आठ वाजून दहा मिनिटांनी जनरल साहेब आले. मोटारीतून नाही. पासलीच्या अंगानं डोंगर उतरून, चालत, एका अधिकाऱ्यासोबत. बुटांना धूळ, अंगात साधी जर्सी, हातात काठी. त्या दिवशी गार्ड कमांडर मी होतो. आमचा संतरी त्यांना गुराखीच समजला होता. माझी नजर टोपीवरच्या बिल्ल्यावर गेली आणि मी ओरडलो.

“गार्ड, टर्न आऊट!”

नशीब बलवत्तर, गार्ड वेळेत उभा राहिला. मेजर साहेब बटणं लावत धावत आले. जनरल साहेब खेचरांच्या लाइनीत शिरले, चार प्रश्न विचारले, लंगरातल्या चुली बघितल्या. त्यांची जीप रस्त्यावर येऊन उभी होती.

मेजर साहेब मला हळूच म्हणाले, “सुभेदार साहेब को बुलाओ. जल्दी.”

मी सुभानाला पिटाळलं. पाच मिनिटं झाली, कुणी येईना. गार्ड तिथल्या दुसऱ्या नाईकाच्या ताब्यात देऊन मी स्वतः धावलो. बघतो तर आजोबा पेटीवर बसलेले, एक गाल तासलेला, दुसऱ्यावर फेस. सुभाना त्यांचे पाय धरायचा बाकी होता.

“आजोबा, उठा, अस्संच चला! साहेब आल्यात!”

“असं अर्ध्या दाढीनं? मला काय बहुरूपी समजला का?”

“पुसून घ्या आन् चला!”

“आरं, थांब की जरा. साहेब काय पळून चाललेत?”

माझेच शब्द. सुभानानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

न्हाव्यानं वस्तरा फिरवायला घेतला आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आजोबा ताडकन उठले. तलवार हातात, लाल फडकं खांद्यावरून लोंबतंय, गालावर फेस, आणि पंचाहत्तर वर्षांचा माणूस बांधांवरून उड्या मारत रस्त्याकडं पळाला. आम्ही मागं. आठ पस्तीसला जीप वळणाआड गेली. आजोबा रस्त्याच्या मध्यात धुरळ्यात उभे राहिले. टाचा जुळवल्या. तलवार आडवी धरली आणि मूठ पुढं केली.

समोर रिकामा रस्ता. एखादा जवान हसला असता, पण कुणी हसलं नाही. धुरळा पार खाली बसला तरी मूठ तशीच पुढं. मग सुभाना गेला, आपल्या पंच्यानं त्यांच्या गालावरचा फेस पुसला आणि त्यांना हाताला धरून आणलं. आजोबा एवढंच म्हणाले, “वस्तरा खाली ठिवाय पायजे व्हता.”

दिवस कलताना खेचरं पाण्यावर नेली तेव्हा सुभाना माझ्याशेजारी आला.

“दादा, म्या आता थांबत न्हाई. लग्नाचं व्हईल ते व्हईल.”

मला ‘हो’ म्हणायला काय झालं होतं? पण शमुवेल न्यूमोनियाचा एक पेशंट घेऊन भोरच्या इस्पितळात गेला होता. मी म्हणालो, “परवा शमुवेल येतोय. तो आल्यावर रीतसर बघू.” पुन्हा थांबवलं. दोनदा थांबवलं मी त्याला. हे मी कुणाला सांगत नसे, आता सांगतो.

दुसऱ्या दिवशी अकराला मॉर्टरचा सराव होता. डोंगराच्या सोंडेवर करवंदीच्या जाळ्यांशी सहा खेचरं बांधलेली, पाठीवर बॉम्बच्या पेट्या. सोंडेच्या पलीकडे लगेच खाली घळीत तीस रिक्रूट पालथे पडलेले. सुभाना आणि मी ओढ्याजवळ, वायरलेसपाशी. अकरा चाळीसला एक स्मोक बॉम्ब, धुराचा, आखूड पडला, निशाणाच्या बराच अलीकडं. जानेवारीतलं गवत. कमरेएवढं, खडखडीत वाळलेलं. भडका उडाला आणि वारं सोंडेकडं.

मी वायरलेसवर घळीतल्या दोन नंबरच्या तुकडीला सांगितलं, “हॅलो टू. फायर बंद. गवत पेटलं. घळ खाली करा. ओव्हर.”

“टू. रिपीट. ओव्हर,” पलीकडून आवाज आला.

“घळ खाली करा! ओव्हर!”

पुन्हा सांगेपर्यंत सुभाना निम्म्या चढावर होता. मी ओरडलो, “सुभाना! परत ये! हुकूम आहे!” तो थांबला नाही. माझं त्यानं न ऐकण्याची ती पहिली वेळ.

वर पोचला. कोयता काढला आणि दावी तोडायला लागला. एक, दोन, तीन. सुटलेली खेचरं जळून काळ्या झालेल्या बाजूनं खाली पळाली. पाच सुटली. सतरा नंबरचं दावं तोडलं तरी ते हलेना. चारी पाय रोवून उभं. ज्वाळा वीस हातांवर. घळीतले रिक्रूट अजून निघतच होते. पाठीवरच्या पेट्या तिथं उडाल्या असत्या तर किती गेले असते, ह्याचा हिशोब मी कधी केला नाही.

सुभानानं त्याला मारलं नाही. कोयता कमरेला खोचला, सदरा काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला, मानेला गाल लावला आणि कानात काहीतरी बोलला. मग लगाम धरून चालायला लागला. आगीतूनच, कारण दुसरी वाट उरली नव्हती. आगीच्या बाजूला स्वतः, आतल्या बाजूला खेचर. आणि सतरा नंबर, शिंकेला दावं तोडणारं ते जनावर, त्या धडधडाटात एकेक पाऊल टाकत त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत आलं. थेट ओढ्यात. पेट्या पाण्यात बुडाल्या तेव्हा सुभानानं लगाम सोडला आणि खाली बसला.

त्याची पाठ आणि छाती बघून मला काय ते कळलं. डॉक्टर कॅम्पवर, तिथवर पाऊण तास; आणायला एक जवान धावला. आम्ही ओल्या चादरी घातल्या. घळीतली सगळी पोरं भोवती गोळा झाली, कुणी रडतंय, कुणी ओरडतंय.

“दादा, शमुवेल आला का?”

“उद्या येतोय, बाबा.”

“उद्या न्हाई व्हनार. कोयता द्या.”

मी त्याच्या कमरेचा कोयता काढून हातात दिला. त्यानं पातं स्वतःकडं फिरवलं, दोन्ही तळहातांवर कोयता आडवा घेतला आणि मूठ पुढं केली. माझ्याकडं नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडं. हात थरथरत होते.

“राजा, म्या तुझा.”

मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. हातांची थरथर थांबली. मूठ किंचित खाली दबली, कुणी वरून हात ठेवावा तशी. सुभानाच्या तोंडावर ते त्या रविवारचं नवल आलं, डहाळ्या आणि शिंगराची गोष्ट ऐकतानाचं. मी मागं वळून पाहिलं. तो बघत होता तिकडं कुणी माणूस नव्हतं. सतरा नंबर तेवढं उभं होतं. डोळ्यांवरचा सदरा घसरून पडलेला, लगाम पाण्यात लोंबतोय, कुणी धरलेलं नाही. भोवती धूर, तीस पोरांचा कालवा. आणि ते मान खाली घालून, दोन्ही कान पुढं करून, निपचित उभं. बारा वर्षं मी खेचरं हाताळली, ती खोटं वागत नाहीत. माझे पाय आपोआप जुळले. अटेन्शन. हुकूम कुणी दिला नव्हता.

डॉक्टर आले, तरी एक चाळीसला सुभाना गेला. मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं की मी चुकलो, मी तुला थांबवलं. त्यानं ऐकलं की नाही ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंझरला नदीकाठी त्याला अग्नी दिला. मामांनी दिला. मी मामांना सगळं सांगितलं, थांबवल्याचंसुद्धा. मामा मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “शेवटाला भ्याला का?” मी म्हणालो, “न्हाई, मामा. कुनी तरी लई मोठं भेटल्यावानी दिसत व्हता.” मामा माझ्या गळ्यात पडले. शमुवेल भोरहून थेट तिथंच आला होता. तो दूर उभा राहून रडत होता. मी त्याला ओढून आमच्यात आणलं.

लोक पांगायला लागले तेव्हा सुभेदार आजोबा पुढं आले. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं नाही, परवा तासलेल्या एका गालावर खुंट आणि दुसऱ्यावर त्याहून मोठे. काखेत लाल फडकं. मला म्हणाले, “हवालदार, त्याच्या मुठीला हात लागला म्हन्त्यात. खरं का?”

“खरं, आजोबा.”

“तू बघितलास?”

“हात न्हाई दिसला. लागल्याला दिसला.”

त्यांनी गालावरून हात फिरवला. “दाढी राहिलीय,” ते म्हणाले. मग मान हलवली. “ऱ्हाऊ दे. आता न्हाई थांबत.” फडकं सोडलं, टाचा जुळवल्या, तलवार आडवी धरली आणि नदीकडं तोंड करून मूठ पुढं केली. “राजा, लई उशीर केला. पन तुझाच.”

माझ्याकडं तलवार नव्हती. सुभानाचा कोयता होता, मुठीला ओढ्याचा चिखल तसाच. पासलीला जाऊन म्हाताऱ्या आईला विचारावं, पेन्शन होऊ द्यावी, लोक काय म्हणतील ते बघावं, हे सगळं त्या क्षणी माझ्याही मनात आलं. आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी आजोबांच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि मूठ पुढं केली.

माझ्या मुठीला हात लागला का? लोक विचारतात. त्यावर मी एवढंच सांगतो की त्या दिवसापासून मी त्या राजाच्या नोकरीत आहे आणि त्यानं मला अजून डिस्चार्ज दिलेला नाही. गावानं चार वर्षं बोलून घेतलं, मग सोडून दिलं.

आजोबा लगेचच्या चैत्रात गेले. आमच्या कंपनीतले बरेच ब्रह्मदेशात कामी आले. घळीतल्या तीस पोरांतलेही आठ. सतरा नंबर तिथं माझ्याबरोबर होतं, गोळ्यांत कधी उधळलं नाही, आणि एका पहाटे दाण्याच्या पिशवीपाशी बसलं ते उठलं नाही. कोयता माझ्या दाराशी खुंटीला आहे. मूठ बाहेरच्या बाजूला. घरातले म्हणतात, पटकन काढता यावा म्हणून मी तो तसा टांगतो. बरोबरच म्हणतात.